टिमथी वेस्ट : फिरत्या मंडळीतला राजा



इंग्लंडच्या रंगभूमीवरील जुन्या पिढीचे एक थोर नट टिमथी वेस्ट हे १२ नोव्हेंबर २०२४ रोजी निवर्तले. वयाची नव्वदी पुरी होऊन त्यांस जेमतेम तीन आठवडे झाले होते. आपल्याकडे त्यांचे नाव घरोघर ठाऊक असेल असे नाही. ज्यांची छायाचित्रे भिंतीवर लावावी अशा नटांपैकी ते नव्हतेच. बांधा आडवा, मान आखूड, चेहरा एखाद्या सुखवस्तु वकिलाचा. मात्र आवाज असा की, तो एकदा कानी पडला म्हणजे मनुष्याने हातातले काम खाली ठेवावे.

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकविला. मी इंग्लंड पाहिलेले नाही, आणि वेस्ट यांस रंगभूमीवर प्रत्यक्ष पाहण्याचा योगही मला कधी आला नाही. तेव्हा मजसारख्या मॅट्रिक झालेल्या मास्तराने त्यांच्यावर बोलण्याचा अधिकार कोणता, असे आपण विचाराल तर उत्तर एवढेच की, मी त्यांची चित्रमुद्रणे पाहिली आहेत, त्यांचे वाचन तासन्‌तास ऐकले आहे, आणि इतिहासातील जी माणसे मी मुलांना खडूने फळ्यावर नावे लिहून शिकविली, तीच माणसे त्यांनी अंगावर वस्त्रे चढवून लोकांपुढे उभी केली. त्यांत एक राजा असा आहे की, त्याचे नाव आपण मुंबईकर आणि पुणेकर आजही नकळत उच्चारीत असतो.

तो राजा म्हणजे सातवा एडवर्ड. परळच्या के. ई. एम. इस्पितळाच्या नावातील मधले अक्षर त्याचे; पुण्याच्या के. ई. एम.मधलेही त्याचेच. फोर्टातील ज्या भागाला आपण 'काळा घोडा' म्हणतो, तेथील तो मूळचा घोडा याच एडवर्डाचा. युवराज असताना, ८ नोव्हेंबर १८७५ रोजी, तो मुंबईस उतरला. दुसऱ्या दिवशी त्याचा चौतिसावा वाढदिवस होता. त्या भेटीचे स्मारक म्हणून आल्बर्ट ससून यांनी त्याचा अश्वारूढ पुतळा शहरास दिला व तो १८७९ साली उभा राहिला. गंमत अशी की, लोकांनी स्वाराचे नाव सोडून दिले आणि घोड्याचे तेवढे ठेविले. १९६५ साली पुतळा तेथून हलवून भायखळ्यास राणीच्या बागेत नेण्यात आला, तरी नाव जागेवरच राहिले. आणि २०१७ मध्ये त्या ठिकाणी नवा घोडा बसविला तो बिनस्वाराचा. स्वाराला लोक इतके विसरले होते की, त्याची उणीव कोणास भासली नाही. अशा या विस्मृत स्वाराला टिमथी वेस्ट यांनी १९७५ साली पुन्हा खोगिरावर बसविले. परंतु त्याकडे वळण्यापूर्वी हा नट कोठून आला ते सांगणे जरूर आहे. कारण त्यांचे राजेपण त्यांच्या फिरस्तेपणातून आलेले होते, असे माझे मत आहे.

वेस्ट यांचा जन्म २० ऑक्टोबर १९३४ रोजी यॉर्कशायरमधील ब्रॅडफर्ड या लोकरीच्या गिरण्यांच्या शहरी झाला. वडील लॉकवुड वेस्ट आणि आई ऑलिव्ह कार्लटन-क्रो, दोघेही नाटकात काम करणारी. अशा घरातील मूल आपोआप रंगभूमीवर जाते असा आपला समज. पण या मुलाने प्रथम कचेऱ्यांना लागणारी मेजे-खुर्च्या विकण्याचे काम केले, मग ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात तंत्रज्ञ म्हणून नोकरी धरली. १९५६ साली विम्बल्डनच्या नाट्यगृहात रंगमंच-व्यवस्थापकाचा मदतनीस म्हणून त्यांनी पाऊल टाकले. म्हणजे खुर्च्या विकणे सुटले तरी खुर्च्या उचलणे काही सुटले नाही! त्यानंतर न्यूकी, हल, नॉर्दॅम्प्टन, वर्दिंग, सॉल्झबरी अशा गावांच्या मंडळ्यांतून उमेदवारी झाली.

त्या काळच्या इंग्रजी गावमंडळ्यांची रीत आपल्याला नवलाची वाटेल. दर सोमवारी नवे नाटक. ते आठवडाभर रोज रात्री करावयाचे, दिवसा पुढील आठवड्याच्या नाटकाची तालीम करावयाची, आणि अंथरुणावर पडल्यावर त्याच्याही पुढच्या नाटकाची नक्कल पाठ करावयाची. आज खुनी, पुढच्या सोमवारी पाद्री, त्याच्या पुढच्या सोमवारी खोडकर काका. विशीतील पोराने साठीचा म्हातारा करावयाचा, कारण म्हाताऱ्या नटाला पगार अधिक द्यावा लागे. आपल्या किर्लोस्कर मंडळींच्या मुक्कामांची वर्णने ज्यांनी वाचली असतील त्यांस बिऱ्हाडे, आगगाड्या आणि पेट्या यांचे साम्य चटकन दिसेल. पण आपल्याकडे एकेक नाटक वर्षानुवर्षे मुरत असे, तेथे ते सहा दिवसांत संपे. या रगाड्यात पुष्कळ नट बथ्थड होत, हेही खरे. जे टिकले ते मात्र असे टिकले की, कोणत्याही प्रसंगी, कोणत्याही वेषात, पहिल्या वाक्यालाच माणूस उभा करण्याची हातोटी त्यांस साधली. वेस्ट हे त्या टिकलेल्यांपैकी. लंडनच्या रंगभूमीवर ते १९५९ साली पिकॅडिली थिएटरात एका प्रहसनातून प्रथम आले. १९६२ पासून काही वर्षे रॉयल शेक्सपिअर कंपनीत होते.

याच सुमारास ते बी. बी. सी.च्या नभोनाट्य विभागातील नटसंचातही होते, आणि हे सांगताना मला विशेष आनंद होतो, कारण आपण बोलत आहो ते नभोवाणीवरूनच. वेस्ट यांनी नभोनाट्य लिहिणाऱ्यांची थट्टा करणारे एक छोटेसे नाट्य स्वतः लिहिले. त्याचे नाव असे : 'माझ्या या उजव्या हातात असलेले हे पिस्तूल भरलेले आहे'. नावातच सारा विनोद आला. श्रोत्याला दिसत नाही, म्हणून भित्रा लेखक पात्रांच्या तोंडी सर्व काही घालतो. घरात शिरलेला नवरा बायकोला तिचे नाव, तिचे नाते, तिच्या अंगावरचे पातळ आणि बाहेरचा पाऊस हे सर्व एका दमात ऐकवितो. जणू त्या बिचारीला यातले काहीच ठाऊक नाही! आवाजाने काय सांगता येते आणि काय न सांगताच समजते, हे ज्याला आतून कळले आहे त्यालाच अशी थट्टा साधते. पुढे ट्रॉलप या कादंबरीकाराच्या बार्सेटशायर आणि पॅलिसर या दोन्ही मालिका त्यांनी वाचून ध्वनिमुद्रित केल्या. त्या मी ऐकल्या आहेत. पाद्री, पाद्र्यांच्या बायका, कर्जबाजारी सरदारपुत्र अशी शेकडो माणसे त्यांत येतात. वेस्ट कोणाचाही आवाज 'काढून' दाखवीत नाहीत, तरी बोलणारा कोण याचा घोटाळा कधी होत नाही. वर्गात मोठ्याने वाचून दाखविण्यात ज्याने हयात घालविली त्याला याची किंमत कळते.

आता थोडा मागचा इतिहास सांगतो, कारण पुढील कलहाचे मूळ त्यात आहे. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४० मध्ये, इंग्लंडात संगीत व इतर कला यांना उत्तेजन देण्यासाठी एक मंडळ स्थापन झाले. लंडनवर बाँब पडत होते. तेव्हा 'ओल्ड विक' या नामांकित नाट्यगृहाची मंडळी सिबिल थॉर्नडाइक या श्रेष्ठ नटीसह वेल्समधील खाणकामगारांच्या खेड्यापाड्यांतून 'मॅक्बेथ'चे प्रयोग करीत हिंडली. ज्यांनी शेक्सपिअर कधी पाहिला नव्हता ते खाणवाले गर्दी करीत. या अनुभवातून १९४६ साली आर्ट्स कौन्सिल निघाले, आणि सरकारी पैशाने नाटक लोकांच्या दारी न्यावयाचे हे तत्त्व रूढ झाले. ज्या मंडळ्यांनी ते तत्त्व मनापासून पाळले त्यांत 'प्रॉस्पेक्ट' ही एक होती. ती १९६१ साली ऑक्सफर्ड येथे निघाली. टोबी रॉबर्टसन हे तिचे सूत्रधार. तिला स्वतःचे घर नव्हते. नेपथ्य बेताचे, कपडे मात्र उत्तम, नट पहिल्या प्रतीचे. आज या गावी, पुढच्या आठवड्यात त्या गावी. टिमथी वेस्ट या मंडळीचे आधारस्तंभ झाले.

प्रॉस्पेक्टच्या 'रिचर्ड दुसरा' या नाटकाने १९६९ साली एडिंबरोच्या महोत्सवात मोठे नाव मिळविले. रिचर्ड राजा इअन मकेलन यांचा, आणि त्याचे सिंहासन हिरावून घेणारा बोलिंगब्रोक वेस्ट यांचा. हे नाटक यूरोपच्या दौऱ्यावर चेकोस्लोव्हाकियातील ब्रातिस्लाव्हा येथे गेले होते. ऑगस्ट १९६८ मध्ये रशियाचे रणगाडे त्या देशात शिरले होते, आणि ती जखम ओली होती. नाटकात रिचर्ड परदेशाहून परत येतो आणि आपल्या भूमीला हात लावून तिची विनवणी करतो, असा प्रवेश आहे. मकेलन यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे की, त्या प्रवेशाला प्रेक्षागृहातून काही निराळाच आवाज येऊ लागला, आणि तो लोकांच्या रडण्याचा होता, हे त्यांस मागाहून उमगले. चारशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रजी नाटकातील राजाची माती ती त्या लोकांना आपलीच माती वाटली. फिरत्या मंडळीखेरीज हे घडले असते काय? लंडनमधील मखमली खुर्चीवर बसून तो प्रवेश पाहणाऱ्यास तो सुंदर वाटला असेल. त्यात रडण्यासारखे काय आहे ते ब्रातिस्लाव्हाने दाखविले.

वेस्ट यांचा बोलिंगब्रोक बी. बी. सी.ने १९७० साली दाखविलेल्या प्रयोगात पाहता येतो. मकेलनचा रिचर्ड पाऱ्यासारखा चंचल, देखणा, आपल्याच दुःखावर लुब्ध. त्याच्यासमोर हा ठेंगणा, घट्ट माणूस अवाक्षर अधिक बोलत नाही. राज्य घेताना त्याला लाज वाटते की नाही हे त्याच्या चेहऱ्यावरून सांगता येत नाही. पण राज्य मिळाल्यावर ते ओझे झाले आहे हे त्याच्या खांद्यांवरून दिसते. नायकाच्या तोलाचा नट समोर नसेल तर नायक पोरका होतो, ही गोष्ट टाळ्या वाजविणारे सहसा ध्यानात घेत नाहीत.

१९७१ मध्ये त्यांनी 'किंग लिअर' केला. ऐंशी वर्षांच्या राजाची ही भूमिका. नटाचे वय छत्तीस!

मग आला सातवा एडवर्ड. ए. टी. व्ही. या दूरचित्रवाणी-कंपनीने त्याच्या चरित्रावर तेरा भागांची मालिका १९७५ साली दाखविली. बाळपण व पहिले तारुण्य इतर नटांनी केले. तेविसाव्या वर्षापासून मरणापर्यंतचा एडवर्ड वेस्ट यांचा. मालिकेत त्याची लहान मुले म्हणून वेस्ट यांचे स्वतःचे दोन मुलगे, सॅम्युएल आणि जोसेफ, वावरले.

एडवर्डाविषयी आमच्या पाठ्यपुस्तकांत एखादे वाक्य असे : व्हिक्टोरिया राणीचा पुत्र, १९०१ ते १९१० पर्यंत राजा, फ्रान्सशी १९०४ चा स्नेहसंबंध जोडण्यास कारणीभूत. बाकी लोकांच्या तोंडी त्याच्या खाण्यापिण्याच्या, घोड्यांच्या आणि बायकांच्या कथा. वेस्ट यांनी या दोहोंच्या मधला मनुष्य शोधून काढला. जवळजवळ साठ वर्षे युवराज राहिलेला मनुष्य! आई कागदपत्र दाखवीत नाही, काम सोपवीत नाही, बापाच्या मृत्यूचा दोष मनात धरून बसते. आणि सर्व जग त्याला विचारते की, तू इतका चैनी का? ॲनेट क्रॉस्बी यांनी केलेल्या व्हिक्टोरियासमोर हा पन्नाशीचा धिप्पाड पुरुष शाळेतल्या पोरासारखा उभा राहतो, तेव्हा हसू येते आणि लगेच ओशाळल्यासारखे होते. राज्य हाती आल्यावर त्याच्या चालण्यात येणारा बदल तर मुद्दाम पाहण्यासारखा आहे. माझ्या आजीच्या डब्यात त्याच्या छापाचा एक रुपया होता. त्यावर त्याचे मस्तक बोडके, मुकुटावाचून आहे. वेस्ट यांचा एडवर्ड पाहताना मला तो रुपया वारंवार आठवत होता. मुकुट काढून पाहिलेला राजा तो हाच.

एक गमतीची गोष्ट येथेच सांगून टाकतो. वेस्ट यांच्या पत्नी प्रुनेला स्केल्स या स्वतः थोर नटी. 'फॉल्टी टॉवर्स' या विनोदी मालिकेतील सिबिल ही त्यांची भूमिका इंग्लंडात घरोघर पाठ आहे. या बाई पुढे कित्येक वर्षे व्हिक्टोरिया राणीवरचा एकपात्री प्रयोग घेऊन गावोगाव फिरल्या. म्हणजे पति तो राणीचा पुत्र आणि पत्नी ती साक्षात राणी! असा संसार फक्त नटांच्याच घरी शोभतो.

एडवर्डानंतर सत्ताधीशांच्या भूमिका त्यांच्याकडे चालून येऊ लागल्या. चर्चिल त्यांनी एकाहून अधिक वेळा केले. त्यांतले १९७९ चे 'चर्चिल अँड द जनरल्स' प्रसिद्ध आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची आठवण ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांना चर्चिल हे नाव सरळ मनाने ऐकवत नाही, आणि ऐकवू नये. पण वेस्ट यांनी त्यांचा पुतळा केला नाही. सेनापतींवर खेकसणारा, रात्री-अपरात्री माणसांना जागविणारा, दुसऱ्याचे ऐकताना कंटाळणारा असा हट्टी म्हातारा त्यांनी दाखविला. नटाने न्यायाधीश होऊ नये. त्याने साक्षीदार हजर करावा. त्याच हाताने त्यांनी 'मास्टरक्लास' या नाटकात स्टालिन उभा केला. १९४८ साली क्रेमलिनमध्ये प्रोकोफिएव्ह आणि शोस्टाकोविच या दोन श्रेष्ठ संगीतकारांना बोलावून संगीत कसे असावे हे त्यांस शिकविणारा स्टालिन! आणि १९८७ मध्ये, गोर्बाचेव्ह अद्याप सत्तेवर असतानाच, त्यांनी रेक्याविकच्या वाटाघाटींवरील दूरचित्रवाणी-नाट्यात गोर्बाचेव्हही केला. गिरणीमालक तर त्यांच्या हातचा मळ होता. डिकन्सच्या 'हार्ड टाइम्स'मधील बाउंडरबी त्यांनी १९७७ मध्ये गंभीरपणे केला, आणि पुढे 'ब्रास' या मालिकेत तशाच गिरणीमालकाची मनसोक्त टर उडविली. ब्रॅडफर्डला जन्मल्याचा एवढा उपयोग व्हावयाचाच.

आता त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण वर्षाकडे येऊ. ओल्ड विक हे लंडनचे नाट्यगृह १८१८ साली उघडलेले. १९६३ पासून तेथे राष्ट्रीय नाट्यसंस्थेचे बिऱ्हाड होते. ती १९७६ साली आपल्या नव्या इमारतीत गेली, आणि रिकाम्या झालेल्या या घरी १९७७ मध्ये प्रॉस्पेक्ट मंडळी येऊन राहिली. फिरस्त्याला घर मिळाले! पण येथेच अडचण उभी राहिली. आर्ट्स कौन्सिलचे म्हणणे असे की, आम्ही पैसे देतो ते दौऱ्यासाठी, लंडनमध्ये बस्तान बसविण्यासाठी नव्हे. मंडळीचे म्हणणे असे की, कायमचे घर असल्याशिवाय उत्तम नट टिकत नाहीत व उत्तम नटांशिवाय दौरा फुकट. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे होते. १९७९ साली याच मंडळीने डेरेक जेकोबी यांचा 'हॅम्लेट' थेट चीनपर्यंत नेला. इकडे लंडनमध्ये तिजोरीला गळती लागलेलीच होती. १९८० मध्ये रॉबर्टसन यांच्या जागी वेस्ट हे मंडळीचे कलासंचालक झाले.

त्यांच्या कारकिर्दीतील पहिलेच मोठे नाटक 'मॅक्बेथ', आणि त्यात पीटर ओटूल. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'चा नायक पुष्कळ वर्षांनी लंडनच्या रंगभूमीवर येणार, म्हणून तिकिटांवर उड्या पडल्या. ओटूल यांच्या करारात त्यांच्या प्रयोगापुरती सर्व सत्ता त्यांच्या हाती होती. म्हणजे मंडळीचा मुख्य तो वेस्ट, आणि नाटकाचा धनी दुसराच. सप्टेंबर १९८० मध्ये पडदा उघडला. रक्ताचा सडा इतका की भयाच्या जागी हशा पिकला. टीकाकारांनी प्रयोग फाडून खाल्ला. तेव्हा वेस्ट यांनी काय करावे? त्यांनी या प्रयोगाशी आपला संबंध नाही असे जाहीरपणे सांगितले.

यावर त्या वेळी पुष्कळ बोलले गेले. नाटकाचे दिग्दर्शक ब्रायन फोर्ब्स रागावले, आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे. आपल्या घरचे पान आपणच उष्टे म्हणू नये अशी रीत सर्वत्र आहे. पण दुसरी बाजूही पाहावी. लोक तमाशा पाहावयास अधिकच गर्दी करीत होते, गल्ला भरत होता, आणि अशा वेळी गप्प बसण्यात वेस्ट यांचा फायदाच होता. ज्याने वीस-बावीस वर्षे गावोगाव फिरून, अर्धवट भरलेल्या गृहांतही काम चोख करण्याचा धर्म पाळला, त्याला भरलेल्या गृहातील वाईट काम सहन झाले नाही. सभ्यता आणि सचोटी यांत निवड करण्याची पाळी आली तेव्हा त्यांनी सचोटी धरली, असे मी समजतो. सभ्यता सुटली, हेही मान्य करतो. पुढच्याच नाटकात त्यांनी स्वतः शायलॉक केला. परंतु त्या वर्षाच्या डिसेंबरात आर्ट्स कौन्सिलने अनुदान काढून घेण्याचे ठरविले, १९८१ मध्ये मंडळी संपली, आणि १९८२ मध्ये ते जुने नाट्यगृह टोरांटोच्या एड मर्व्हिश या व्यापाऱ्याने विकत घेतले.

'मॅक्बेथ'मुळे मंडळी बुडाली असे सांगण्याची चाल आहे. ते अर्धेच खरे. त्या प्रयोगाने पैसे मिळविले, बुडविले नाहीत. मंडळी बुडाली ती, देशभर फिरणारी उत्तम नाटकमंडळी पोसण्याचा खर्च कोणी करावयाचा या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही म्हणून. वेल्सच्या खाणवाल्यांपुढे १९४० मध्ये ज्या विचाराने शेक्सपिअर नेला, तो विचार चाळीस वर्षांनी जमाखर्चाच्या वहीत हरला. त्यानंतर दौरे थांबले नाहीत. पण राजधानीतील पहिल्या प्रतीचे पंधरा-वीस नट वर्षानुवर्षे एकत्र राहून एकाच पेटाऱ्यातून तीन-चार नाटके गावोगाव नेत आहेत, असे दृश्य दुर्मिळ झाले.

वेस्ट मात्र फिरत राहिले. १९८४ मध्ये त्यांस सी. बी. ई. हा किताब मिळाला. त्याने त्यांच्या पायांत बेडी पडली नाही. इंग्लिश टूरिंग थिएटर या नव्या फिरत्या मंडळीत त्यांनी १९९६ साली फॉल्स्टाफ केला, आणि राजपुत्र हाल केला तो त्यांच्या मुलाने, सॅम्युएलने. शेवटी हाल गादीवर बसतो आणि या लठ्ठ, लबाड, प्रेमळ म्हाताऱ्याला ओळख देत नाही. बापाने ते मुलाच्या तोंडून रोज रात्री, निरनिराळ्या गावी, ऐकून घ्यावयाचे! २००२ मध्ये त्याच मंडळीबरोबर पुन्हा लिअर. आणि २०१६ मध्ये, ब्रिस्टलच्या ओल्ड विकमध्ये, तेथील नाट्यशाळेच्या तरुण विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन, आणखी एकदा लिअर. या खेपेस वय एक्याऐंशी. छत्तिसाव्या वर्षी जी सुरकुती रंगाने काढावी लागली होती ती आता आपोआपच आली होती. मध्यंतरी दूरचित्रवाणीच्या रोजच्या मालिकांतही ते दिसत. 'ईस्टएंडर्स'मधील स्टॅन कार्टर हा म्हातारा त्यांनी २०१४-१५ मध्ये केला. पुष्कळांना तो उतार वाटला. मला वाटत नाही. दर सोमवारी नवे नाटक करणाऱ्या पोराला कोणतीच भूमिका हलकी नसते.

त्यांचा व प्रुनेलाबाईंचा विवाह १९६३ मधला. दोघेही फिरतीवर, तेही बहुधा दोन दिशांना. वेस्ट बिऱ्हाडांतून, हॉटेलांतून, परदेशच्या मुक्कामांतून पत्नीस पत्रे लिहीत. ती पुढे १९९४ साली पुस्तकरूपाने निघाली. पुस्तकाचे नाव मराठीत सांगावयाचे तर असे होईल : 'मी येथे आहे, असे वाटते, तू कोठे आहेस?' नाव ठेविले तेव्हा ती फिरत्या नटाची थट्टा होती.

मुले लहान असल्यापासून या कुटुंबाला कालव्यांतून लांबट, अरुंद होडीने हिंडण्याचा नाद होता. इंग्लंडात हे कालवे आगगाडीपूर्वी कोळसा आणि कापड वाहून नेण्यासाठी खणलेले. आगगाडी आली आणि ते गवताने भरून गेले. केनेट आणि एव्हन नद्यांना जोडणारा कालवा स्वयंसेवकांनी कित्येक वर्षे खपून साफ केला व तो १९९० मध्ये पुन्हा खुला झाला. त्यासाठी झटणाऱ्यांत हे दांपत्य होते. पुढे प्रुनेलाबाईंना स्मृतिभ्रंशाचा विकार जडला. अशा स्थितीत २०१४ पासून 'ग्रेट कॅनल जर्नीज' ही मालिका दोघांनी मिळून केली, ती २०१९ पर्यंत चालली. सुकाणूवर बहुधा पति. कालव्याच्या दारांपाशी उतरून दोर धरणारी पत्नी. काल कोठे होतो हे तिला आठवत नसे, पण समोरचे पाणी, बगळा, पूल हे सर्व ती डोळे भरून पाहत असे; आणि ज्याच्या आवाजाने नाट्यगृहे भरून जात, तो तिला हलक्या आवाजात गावाचे नाव पुन्हा सांगत असे. आपल्या पत्नीच्या आजाराविषयी ते लोकांसमोर काही न लपविता बोलले, आणि तरी कोठेही तिची कीव केली नाही.

वेस्ट गेल्यावर प्रुनेलाबाई २७ ऑक्टोबर २०२५ रोजी, त्र्याण्णवाव्या वर्षी निवर्तल्या. म्हणजे वर्ष पुरे होण्यास सोळा दिवस कमी होते.